स्वप्नवही कशी ठेवावी: डोळे उघडण्याआधीपासून महिनाअखेरच्या मोजणीपर्यंत

स्वप्नांची वही अनेकांच्या कपाटात असते आणि तिची पहिली पाचसहा पानंच भरलेली असतात. 'मला स्वप्नंच पडत नाहीत' हे त्याचं नेहमीचं कारण, पण ते जवळपास कधीच खरं नसतं. निरोगी प्रौढ माणसाच्या झोपेचा पाचवा ते चौथा हिस्सा आरईएम झोपेत जातो. बंद पापण्यांआड बुबुळं भराभर हलतात ती ही झोप. प्रयोगशाळेत माणसाला या झोपेतून उठवलं तर दहापैकी साधारण आठ वेळा तो काहीतरी स्वप्न सांगतो. बाकीच्या झोपेतही स्वप्नं पडतात, फक्त ती तुटक आणि फिकी असतात. म्हणजे स्वप्न पडतं, हातात मात्र राहत नाही.

ते निसटण्याला बहुतेक वेळा दोन चुका कारण असतात. एक, जाग आल्यावरच्या पहिल्या दोन मिनिटांतला क्रम चुकतो. दुसरी, स्वप्न नीट लिहून होण्याआधीच त्याचा अर्थ लावायला सुरुवात होते. पुढचे टप्पे या दोन चुका टाळण्यासाठी आहेत, त्यामुळे त्यांचा क्रम बदलू नका.

सुरू करण्याआधी: सतत झोपमोड होत असेल, निद्रानाशावर उपचार चालू असतील किंवा एखाद्या आघातानंतर तीच घटना स्वप्नात परत परत दिसत असेल, तर वही एकट्याने सुरू करू नका. आधी डॉक्टरांशी बोला.

टप्पा १: आधी झोप, मग वही

पहिल्या आठवड्यात स्वप्नं लिहायची नाहीत, फक्त झोपेच्या वेळा बसवायच्या.

समजा रात्री अकराला झोप लागते आणि सकाळी साडेसहाला जाग येते. झोपेचं एक आवर्तन साधारण ९० मिनिटांचं असतं, माणसागणिक ७० ते १२०. म्हणजे रात्रीत पाच आवर्तनं होतात. पहिल्या आवर्तनातली आरईएम झोप काही मिनिटांत आटोपते. शेवटच्या दोन आवर्तनांत ती अर्ध्या तासाच्या आसपास जाते, कधी त्याहूनही लांबते. ज्याला आपण साखरझोप म्हणतो तिथेच स्वप्नांचा मोठा साठा असतो. हाच माणूस साडेचारला उठू लागला तर त्याची झोप साधारण पाव हिश्श्याने कमी होते, पण स्वप्नांच्या झोपेचा त्याहून बराच मोठा वाटा हातचा जातो. पहाटेची स्वप्नं खरी होतात असा समज आहे. लक्षात राहतात ती मुळात बहुतेक पहाटेचीच, एवढं मात्र खरं.

म्हणून या आठवड्यात:

१. झोपायची आणि उठायची वेळ रोज अर्ध्या तासाच्या आत ठेवा, रविवारीसुद्धा. एकूण झोप सात तासांच्या खाली जाऊ देऊ नका.

२. संध्याकाळी सहानंतर चहा-कॉफी बंद. कॅफीन शरीरातून निम्मं व्हायलाच पाच तासांच्या आसपास लागतात.

३. मद्य टाळा. ते रात्रीच्या पूर्वार्धात आरईएम झोप दाबतं. उत्तरार्धात ती उसळून येते आणि झोप तुकड्यातुकड्यांची होते. अशा रात्रींच्या नोंदी इतर रात्रींशी ताडून पाहता येत नाहीत.

४. चालू औषधांची नावं वहीच्या पहिल्या पानावर लिहा. नैराश्यावरची बरीच औषधं आरईएम झोप कमी करतात. रक्तदाबासाठीच्या प्रोप्रॅनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांनी काहींना दुःस्वप्नं पडतात. रात्रभर निकोटीनचा पॅच लावला तर स्वप्नं भडक होतात.

सावधान: स्वप्नं वाढावीत म्हणून कोणतंही औषध स्वतःहून बंद करू नका. नैराश्यावरची गोळी अचानक सोडली की दबलेली आरईएम झोप एकदम उसळते आणि अस्वस्थ करणाऱ्या स्वप्नांची रांग लागते. मूळ आजार बळावण्याचा धोका वेगळाच.

टप्पा २: उशाशी काय ठेवायचं

शंभर पानी रेघी वही पुरते. महागडी डायरी घेतली की माणूस अक्षर चांगलं काढायला बघतो आणि तेवढ्यात स्वप्न जातं. पेन नको, पेन्सिल घ्या. बॉलपेन आडवं पडून वर धरलं की दोन ओळींत शाई थांबते. पेन्सिल दोऱ्याने वहीला बांधा, नाहीतर ती बरोबर नको तेव्हा पलंगाखाली जाते.

मंद पिवळा किंवा तांबूस दिवा हाताच्या अंतरावर हवा. ट्यूबलाइट नको. खटक्यासाठी अंथरुणातून उठावं लागत असेल तर तो दिवा निरुपयोगी समजा.

मोबाइलचा प्रश्न नेहमी येतो. बोलून नोंद करणं खरं तर सोपं, विशेषतः मधल्या रात्री. पण स्क्रीन उजळली की आधी वेळ दिसते, मग तीन निरोप दिसतात, आणि डोक्यात त्या दिवसाची पहिली काळजी शिरते. मोबाइलच वापरायचा असेल तर रात्री एअरप्लेन मोड लावा, रेकॉर्डिंगचं ॲप उघडून ठेवा आणि फोन पालथा ठेवा. साधा व्हॉइस रेकॉर्डर असेल तर उत्तमच. रेकॉर्ड केलेलं त्याच सकाळी वहीत उतरवा. आठवड्याचं साचलं की कुणीही उतरवत नाही.

शेवटची तयारी घरच्यांची. जाग आल्यावर दोन मिनिटं कुणी हाक मारायची नाही, 'दूध तापत ठेवलंय का?' असंही विचारायचं नाही, हे आधीच सांगून ठेवा. लहान मूल शेजारी झोपत असेल तर रोजचा हट्ट सोडा. ज्या सकाळी जमेल त्याच सकाळी नोंद करा.

टप्पा ३: झोपताना पाच मिनिटं

उजवं पान स्वप्नासाठी आणि डावं इतर सगळ्यासाठी, ही विभागणी शेवटपर्यंत मोडायची नाही.

१. उजव्या पानावर दोन्ही तारखा घाला, म्हणजे '१४-१५ जून'. एकच तारीख घातली की महिन्यानंतर ती झोपायची की उठायची, हा घोळ होतो.

२. डाव्या पानावर दिवसाच्या तीनच ओळी लिहा: मुख्य घटना, मनातली काळजी, आणि पाहिलेलं-वाचलेलं काही.

३. झोपायची वेळ लिहा. जेवण उशिरा झालं, ताप आहे, मद्य घेतलं, जागा बदलली, असं काही असेल तर एका शब्दात टिपा.

४. दिवा मालवल्यावर मनात एकच वाक्य धरा: 'जाग आली की हलायचं नाही, आधी आठवायचं.' 'आज स्वप्न पडू दे' असं म्हणू नका. पडणं आपल्या हातात नाही, न हलणं आहे.

तीन ओळींचं काम क्षुल्लक वाटतं म्हणून सर्वाधिक गाळलं जातं ते हेच, आणि सगळ्यात महाग पडतं तेही हेच. दिवस सकाळी स्वप्नानंतर लिहिला तर स्वप्नात रेल्वे दिसलेल्या माणसाला आदल्या दिवशीची रेल्वेच आठवते, बाकीच्या वीस गोष्टी आठवत नाहीत. मग प्रत्येक स्वप्नाचा धागा दिवसात सापडतो आणि तो काहीच सिद्ध करत नाही.

टप्पा ४: जाग आल्यावर पहिली दोन मिनिटं

सगळी मेहनत इथे फळते किंवा वाया जाते. आरईएम झोपेत मेंदूतलं नॉरॲड्रिनलिन अगदी खालच्या पातळीवर असतं, आणि नवी आठवण पक्की करण्यात या रसायनाचा मोठा हात असतो. त्यामुळे जागं होताना स्वप्न अजून कच्चं असतं. दुसरी कुठलीही गोष्ट मध्ये आली की ते पुसलं जातं. म्हणून:

१. हलू नका. ज्या कुशीवर जाग आली त्याच कुशीवर राहा. डोळे मिटलेलेच ठेवा.

२. 'काय बरं स्वप्न होतं?' असं विचारू नका. हा प्रश्न गोष्टीची सुरुवात मागतो, आणि सुरुवात सगळ्यात आधी गेलेली असते. त्याऐवजी 'आत्ता, या क्षणी मला कसं वाटतंय?' असं विचारा. घाई, लाज, हुरहुर, मजा, काहीही असेल. भावना चित्रापेक्षा जास्त टिकते.

३. त्या भावनेला धरून शेवटचं चित्र शोधा. मग 'याच्या आधी कुठे होतो?' असं विचारत एकेक पाऊल मागे जा. उलटं जाताना तीनचार प्रसंग मिळाले की थांबा.

४. प्रत्येक प्रसंगाला एक शब्द द्या: 'फलाट, डबा, आत्या, पाणी'. हे शब्द मनात दोनदा म्हणा.

५. आता हळूच दुसऱ्या कुशीवर वळा आणि पुन्हा तीस सेकंद थांबा. झोपेत माणूस अनेकदा कूस बदलतो. काहींना त्या कुशीवर गेल्यावर आधीचा एखादा तुकडा परत मिळतो. नाही मिळाला तरी बिघडत नाही.

६. यानंतरच दिवा लावा आणि पेन्सिल उचला.

नेहमीची चूक: गजर पुढे ढकलणे. त्या नऊ-दहा मिनिटांच्या डुलकीत नवे तुकडे तयार होतात आणि आधीच्या स्वप्नात मिसळतात. नंतर कुठलं कुठल्याचं ते सांगता येत नाही. गजर एकदाच वाजू द्या, आवाज हळू आणि शब्द नसलेला असावा. गाण्याचा गजर लावला की जाग येताच डोक्यात गाण्याच्या ओळी सुरू होतात.

तपासा: सलग तीन सकाळी तुम्ही खरोखर न हलता राहिलात का? नसाल तर पुढच्या टप्प्यांत काही सुधारून उपयोग नाही. याच टप्प्यावर अजून एक आठवडा काढा.

टप्पा ५: लिहायचं कसं

आधी ते चारपाच शब्द एकाखाली एक लिहा. फोन वाजला, मूल उठलं, तरी तेवढे शब्द दुपारपर्यंत स्वप्न धरून ठेवतात. मग वर्तमानकाळात, घडलं त्या क्रमाने लिहा. वर्तमानकाळ एवढ्यासाठी, की भूतकाळात लिहिताना माणूस नकळत गोष्ट सांगू लागतो आणि गोष्ट नीटनेटकी करायला लागतो.

वाया गेलेली नोंद अशी असते:

'विचित्र स्वप्न पडलं. कुठल्यातरी स्टेशनवर होतो, गाडी चुकली. ऑफिसच्या टेन्शनमुळे असणार.'

तेच स्वप्न कामाचं होतं ते असं:

'फलाट. दादर आहे हे मला माहीत आहे, पण छप्पर कौलारू आणि रुळांपलीकडे भाताचं खाचर. हातात स्टीलचा जेवणाचा डबा, गरम. शेजारी आत्या. चेहरा दिसत नाही, पण तीच आहे, वयाने पंचविशीची. म्हणते, "उघडू नकोस, गाडी येतेय." [मधलं गेलं] मी गाडीत बसलोय, खिडकीबाहेर पाणीच पाणी. भीती २, घाई ३.'

दुसऱ्या नोंदीत कोणते नियम पाळलेत, ते पाहा.

'माहीत होतं' आणि 'दिसलं' हे वेगळं ठेवलंय. स्वप्नात माणसं ओळखू येतात ती पुष्कळदा चेहऱ्यावरून नव्हे. नुसतं 'आत्या होती' लिहिलं की जागेपणीची आत्या चेहऱ्यासकट त्या जागी बसते आणि दोन दिवसांनी तिचा चेहरा दिसल्याचं तुम्ही शपथेवर सांगाल.

मधली फट चौकोनी कंसात उघडी ठेवलीय. मेंदूला फट सहन होत नाही. 'मग मी गाडीत चढलो' हे वाक्य आपोआप येतं, पण ते स्वप्नात नव्हतं. स्वप्न जितकं सुसंगत वाचलं जाईल तितका नोंदीवर संशय घ्या.

भावनांना ० ते ३ असा आकडा दिलाय: ० म्हणजे नाही, १ किंचित, २ ठळक, ३ तीव्र. हा आकडा लगेच टाका. चहा झाल्यानंतर सगळ्या भावना १ वर येतात.

बोलणं ज्या भाषेत ऐकू आलं त्याच भाषेत लिहा. वरिष्ठ हिंदीत बोलले असतील तर हिंदीत. रंग, आकडे, छापील मजकूर खात्रीचा असेल तरच लिहा. लाज वाटेल असं काही असेल तर खूण ठरवून घ्या, पण गाळू नका. गाळलेल्या भागांमुळे पुढची मोजणी एका बाजूला कलते.

लांबी ५० ते ३०० शब्द ठेवा. त्याहून आखूड नोंदीत मोजण्यासारखं काही मिळत नाही, फार लांब नोंदीत भर घातलेली असते. लिहून झालं की वर एक शीर्षक द्या आणि उठायची वेळ टाका. अर्थ, शंका, 'हे त्याच्यामुळे असेल' हे सगळं डाव्या पानावर, तेही संध्याकाळी.

टप्पा ६: काहीच आठवलं नाही तर

रिकामं पान सोडू नका. दोन वेगळ्या नोंदी आहेत: 'काहीच नाही' आणि 'काहीतरी होतं, पण गेलं'. दुसऱ्या प्रकाराला संशोधक पांढरं स्वप्न म्हणतात. काही दिवसांत पहिल्या प्रकारची पानं कमी होऊन दुसऱ्या प्रकारची वाढली, तर पद्धत बरोबर चालली आहे. ज्यांना मुळात कमी आठवतं, त्यांना नुसती वही ठेवण्यानेही फरक पडतो. ज्यांना रोजच आठवतं, त्यांना फारसा पडत नाही.

दोनतीन आठवड्यांनीही पान कोरंच राहिलं तर सुट्टीच्या दिवशी एक उपाय करा: नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी ४० ते ६० मिनिटांवर हळू आवाजाचा गजर लावा, टप्पा ४ प्रमाणे आठवा, चार शब्द लिहा आणि पुन्हा झोपा. आठवड्यातून दोनदाच.

सावधान: फिट्स येणाऱ्यांनी, बायपोलर विकार असणाऱ्यांनी आणि दुसऱ्या दिवशी लांबचं वाहन चालवायचं असणाऱ्यांनी हा उपाय करू नये. तुटलेल्या झोपेने फिट किंवा उन्मादाचा झटका येऊ शकतो.

टप्पा ७: मोजणी

तीस स्वप्नं जमेपर्यंत कोणताही निष्कर्ष काढू नका. एका माणसाच्या स्वप्नांबद्दल भरवशाने काही म्हणायला शंभरच्या आसपास स्वप्नं लागतात. 'साप दिसला म्हणजे धनलाभ' छापाची स्वप्नफळाची पुस्तकं एका स्वप्नावर निकाल देतात, तिथेच ती फसतात.

मोजणीसाठी कॅल्विन हॉल आणि रॉबर्ट व्हॅन डी कॅसल यांनी १९६६ मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरली जाते. मूळ पद्धत बारीक आहे. घरच्यासाठी तिचा एवढा भाग पुरे: पात्रं (ओळखीची, अनोळखी, प्राणी), आक्रमक कृती, मैत्रीच्या कृती, दुर्दैवी घटना, भावना आणि जागा. प्रत्येक स्वप्नाला एक ओळ, प्रत्येक बाबीला एक रकाना. मग गुणोत्तर काढा. ३० स्वप्नांत आक्रमक कृती १८ आणि मैत्रीच्या १२ असतील, तर दोन्हींची बेरीज ३०; १८ भागिले ही बेरीज, म्हणजे ६० टक्के. नुसत्या संख्येपेक्षा हे टक्के कामाचे, कारण लांब स्वप्नात सगळंच जास्त असतं.

मोजताना डावं पान झाका. दहा स्वप्नं दुसऱ्या कुणाकडून मोजून घ्या. दोघांचे आकडे फार वेगळे आले तर 'आक्रमक' म्हणजे काय हे आधी लिहून ठरवा: मनात राग येणं धरायचं का, ओरडणं धरायचं का?

'मनी वसे ते स्वप्नी दिसे' हे तपासून पाहायचं असेल तर पाच स्वप्नांच्या आणि दहा दिवसांच्या तीन ओळींच्या प्रती काढा, तारखा झाका, पत्ते पिसावेत तशा मिसळा आणि घरातल्या कुणाला जोड्या लावायला सांगा. त्या दहांत प्रत्येक स्वप्नाच्या आदल्या दिवसासोबत पाच ते सात दिवस आधीचेही दिवस असू द्या. काही अभ्यासांत दिवसाचे तुकडे त्याच रात्री आणि नंतर पुन्हा जवळपास आठवड्याने डोकावताना दिसले आहेत. जोड्या नुसत्या नशिबाने लागतील तेवढ्याच लागल्या, तर तुम्हाला दिसणारा संबंध तुम्हीच वाचत होता. घटना जशीच्या तशी स्वप्नात येणं फार विरळा. येतात त्या काळज्या आणि माणसं.

टप्पा ८: तेच दुःस्वप्न पुन्हा पुन्हा

एकच दुःस्वप्न वहीत परतत असेल, तर त्यावर प्रतिमा-सरावाची पद्धत आहे. बॅरी क्राकाव या अमेरिकन डॉक्टरांच्या २००१ मधल्या चाचणीने ती पुढे आली आणि अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन ती सुचवते.

१. सगळ्यात भयंकर स्वप्न घेऊ नका. मध्यम त्रासाचं घ्या, खऱ्या आघाताची हुबेहूब नक्कल नसलेलं.

२. ते दिवसा, उजेडात एकदाच लिहा.

३. जिथून बदलावंसं वाटेल तिथून ते बदला. शेवट गोड हवा असं नाही. दार उघडणं, कुणीतरी सोबत येणं, पाणी घोट्यापर्यंतच असणं, एवढंही चालतं.

४. बदललेलं स्वप्नच रोज दिवसा १० ते २० मिनिटं डोळे मिटून पाहा. जुनं पुन्हा वाचू नका. इथेच बहुतेक जण चुकतात आणि रोज दुःस्वप्नाचीच उजळणी करतात.

५. दोनतीन आठवडे करा आणि टप्पा ५ मधला भीतीचा आकडा उतरतो का ते बघा.

सरावाने छाती धडधडणं, जागेपणी घटना समोर येणं वाढलं तर लगेच थांबा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. दुःस्वप्नांसोबत जगणं नकोसं होत असेल तर वाट पाहू नका. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

वही घेऊन डॉक्टरांकडे कधी

झोपेत हातपाय झाडणं, ओरडणं, शेजारच्याला ठोसा बसणं, आणि उठवल्यावर 'कुणीतरी मागे लागलं होतं' असं सांगणं. पन्नाशीपुढच्या माणसात हे दिसलं तर हसण्यावारी नेऊ नका. आरईएम झोपेत स्नायू लुळे असायला हवेत. ते नसतील तर माणूस स्वप्न अंगाने जगतो. याचा पुढे होणाऱ्या पार्किन्सनसारख्या आजारांशी संबंध आढळला आहे. मेंदूविकारतज्ज्ञ किंवा निद्राविकारतज्ज्ञ रात्रभराची झोपेची तपासणी सांगतात. तोपर्यंत गादी जमिनीवर घाला, उशाजवळची काच आणि टोकदार वस्तू हलवा, जोडीदाराने वेगळ्या अंथरुणावर झोपावं.

मुलांचं निराळं असतं. झोप लागल्यावर पहिल्या दोनतीन तासांत मूल किंचाळून उठतं, डोळे उघडे असतात, ओळख देत नाही आणि सकाळी काही आठवत नाही. हे दुःस्वप्न नव्हे, गाढ झोपेतला भीतीचा झटका आहे. त्याला हलवून जागं करू नका, पडणार नाही एवढं पाहा. असं वारंवार होत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

डॉक्टरांकडे जाताना पूर्ण वही देण्याची गरज नाही. शेवटच्या दोन आठवड्यांच्या झोपण्या-उठण्याच्या वेळा, औषधांचं पहिलं पान, घटना रात्री किती वाजता घडली ते, आणि शेजारी झोपणाऱ्याने पाहिलेलं वर्णन पुरतं. जमल्यास घटनेचं एखादं मोबाइलवरचं चित्रीकरण सोबत न्या.